यादी कुणी फोडली?

माननीय सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई



परदेशातून आलेल्या आणि होम क्वारंटाइन सांगितलेल्या प्रत्येकाच्या डाव्या हातावर शिक्का मारायचा, असं कोविडच्या सुरुवातीला, मार्च २०२० च्या मध्यात राज्यात ठरलं. शाई मतदानाची, सहजी न जाणारी. मुंबईतल्या शिक्क्यावर मुंबईकरांचं रक्षण केल्याचा अभिमान वाटतो अशा अर्थाचा इंग्रजी मजकूर आणि सोबत क्वारंटाइन कधीपर्यंत, ती तारीख. ज्यानं हा मजकूर सुचवला त्याचा हेतू चांगलाच असणार. पण १८ मार्चला मुंबईहून सुरतकडे निघालेल्या गरीब रथमध्ये चौघांच्या हातावर तो शिक्का दिसला, डब्यात गलका झाला आणि त्यांना पालघरला उतरवलं गेलं. ते जर्मनीहून आले होते. त्यांनी आगगाडीत बसायलाच नको होतं, यात वाद नाही. पण पुढचे काही दिवस मोबाइलवर ज्या वेगानं शिक्का मारलेल्या हातांचे फोटो फिरले आणि त्याखाली जी भाषा आली, त्यात अभिमान कुठेच नव्हता. तो शिक्का म्हणजे गुन्हेगाराची खूण झाली होती, आणि ती सरकारी शाईनं उमटवलेली होती.

साथ अंगावर नसताना हे पत्र लिहितो आहे, ते मुद्दाम. साथीत आपल्या खात्याला श्वास घ्यायला फुरसत नसते. तेव्हा असलं पत्र आवक-जावक नोंदवहीत पडून राहतं. शिवाय साथ कधी येईल ते सांगता येत नाही. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या भागात गुलेन-बारे सिंड्रोमचे रुग्ण वाढले, तेव्हा हा आजार एकाकडून दुसऱ्याला होत नाही हे डॉक्टर सांगत असतानाही माझ्या मोबाइलवर पहिल्या दोन दिवसांत विचारणा आली ती एकच: कोणत्या सोसायटीत सापडला? पाणी कुठलं, टाकी कुणाची, हे प्रश्न नंतर आले.

माझं म्हणणं थोडक्यात असं. कोविडच्या काळात समाजमाध्यमांवर जो राग उसळला, त्याला आपण ‘लोकांची मानसिकता’ म्हणून मोकळे झालो. त्या रागाला कच्चा माल बऱ्याचदा शासकीय यंत्रणेतूनच मिळत होता. आणि हा राग जोवर रुग्णावर, नर्सवर, मजुरावर पडत होता तोवर यंत्रणा आवाहनांवर भागवत होती. तो राग मंत्रालयाच्या आणि दिल्लीच्या दिशेनं वळला, तेव्हा मात्र आदेश निघाले, कलमं लागली. कुणी बसून असं ठरवलं, असा माझा आरोप नाही. पण घडलं ते असंच, आणि काही बदललं नाही तर पुढच्या वेळीही असंच घडेल.

पुण्यापासून सुरुवात करतो. ९ मार्च २०२० ला दुबईहून परतलेल्या एका दाम्पत्याला कोविड झाल्याचं निष्पन्न झालं. राज्यातले ते पहिले रुग्ण. ते सहलीला गेले होते, परतल्यावर काही दिवसांनी लक्षणं दिसली, तपासणी करून घेतली, उपचार घेतले, गुढीपाडव्याला बरे होऊन घरी आले. वैद्यकीय दृष्टीनं पाहिलं तर आदर्श नागरिक. पण त्यांची नावं बाहेर पडली आणि कुटुंबाला जे सोसावं लागलं, ते तेव्हाच्या वर्तमानपत्रांतून आपण वाचलंच असेल. नावं उघड करणाऱ्यांवर गुन्हे दाखल करू, असा इशारा प्रशासनाला द्यावा लागला. नावं तोवर सगळीकडे पोचली होती.

इथे एक साधा प्रश्न राहून जातो. नावं बाहेर आली कशी? आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर त्या उन्हाळ्यात ‘आपल्या भागातले पॉझिटिव्ह’ अशा मथळ्याच्या याद्या येत. कुणी लिहून काढलेल्या नव्हेत, चक्क एक्सेलच्या फाइली. नाव, वय, पत्ता, मोबाइल नंबर, नमुना घेतल्याची तारीख, कुठे दाखल केलं ते. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू असली फाइल बनवू शकत नाहीत. ती फाइल नमुना तपासणारे, तो नोंदवणारे, संपर्कातली माणसं शोधणारे आणि बंदोबस्त लावणारे यांच्यापैकीच कुणाच्या तरी मोबाइलवरून निघालेली असणार. वाईट हेतूनंच निघाली असेल असंही नाही. साहेबांनी मागितली म्हणून पाठवली, नगरसेवकानं मागितली म्हणून पाठवली, मेव्हण्याला सावध करायचं म्हणून पाठवली. मेव्हण्यापर्यंत पोचली, की ती गावची झाली.

काकूंनी ती पुढे ढकलली हे चूकच. पण ढकलाढकलीची सगळी नीतिकथा काकूंना ऐकवायची आणि फाइल जिथून फुटली त्या टेबलापर्यंत कधी जायचंच नाही, याला काय म्हणावं? आमच्याकडे आलेल्या याद्यांबद्दल कुठल्या टेबलावरच्या माणसाला साधी नोटीस गेल्याचंही कधी कानावर आलं नाही. शेजारच्या कर्नाटकात तर घरी क्वारंटाइन असलेल्यांचे पत्ते सरकारनंच जाहीर केले होते. तिथे फोडण्याचे कष्टही कुणाला पडले नाहीत.

दारावरच्या फलकांची गोष्ट याहून मासलेवाईक आहे. रुग्णाच्या दारावर फलक लावण्याची पद्धत देशभर पसरली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, तेव्हा केंद्र सरकारनं सांगितलं की असा काही नियम आम्ही केलेलाच नाही. फलक लागलेल्या घरातल्या माणसांना अस्पृश्यासारखं वागवलं जातं, असं न्यायालयानं सुनावणीत बोलून दाखवलं, आणि ९ डिसेंबर २०२० ला सक्षम अधिकाऱ्याचा तसा आदेश असल्याखेरीज फलक लावू नयेत असा निर्णय दिला. म्हणजे नऊ महिने देशभर दारोदार चिकटत राहिलेला फलक केंद्राच्या कुठल्याच नियमात नव्हता! पण त्या फलकाचा फोटो मात्र प्रत्येक ग्रुपवर होता.

मंत्रीमहोदय, आपल्या राज्याला साथ आणि राग या दोन्हींचा अनुभव जुना आहे. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरनं प्लेगचं निदान केलं. पुढच्याच महिन्यात गिरणी कामगारांच्या जमावानं आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला. पुण्यात रँडच्या प्लेग समितीचे सोल्जर घरात, देवघरात शिरले आणि २२ जून १८९७ ला चापेकर बंधूंनी गणेशखिंडीत रँडवर गोळ्या झाडल्या. ‘केसरी’तल्या लिखाणाबद्दल टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला, अठरा महिन्यांची शिक्षा लागली. त्या रागातही अफवा भरपूर होत्या. रुग्णालयात माणसं मारतात, असं लोक खरोखर मानत. मी त्या रागाचे गोडवे गात नाही. पण तो प्रामुख्यानं वर, सत्तेकडे जात होता. सव्वाशे वर्षांनी आलेल्या साथीत पहिले वर्षभर राग आडवा गेला, जिन्यातल्या शेजाऱ्याकडे, आणि खाली गेला, रस्त्यानं चालणाऱ्या मजुराकडे.

प्लेगमधली आणखी एक गोष्ट आपल्या खात्याच्या थेट कामाची आहे. घरझडतीच्या आणि बेअब्रूच्या धास्तीनं लोक आजारी माणूस लपवू लागले, मृत्यूसुद्धा लपवू लागले. कोविडमध्येही हेच झालं. ताप आला की आधी क्रोसिन, मग ‘व्हायरल आहे’ असं सगळ्यांना सांगणं, मग वास येईनासा झाला तरी गप्प राहणं, कारण तपासणी केली तर नाव यादीत जाईल. दम लागेपर्यंत थांबलेली माणसं रुग्णालयात पोचली तेव्हा उशीर झालेला असायचा. म्हणून नाव गुप्त राहणं हा शिष्टाचाराचा मुद्दा नाही. तो साथ आटोक्यात ठेवण्याचा मुद्दा आहे, आणि म्हणून तो गृहखात्याआधी आपल्या खात्याचा आहे.

२२ मार्च २०२० ला संध्याकाळी पाच वाजता सगळ्या देशानं डॉक्टर-नर्सेससाठी थाळ्या वाजवल्या. २४ मार्चला दिल्लीतल्या एम्सच्या निवासी डॉक्टरांच्या संघटनेला केंद्रीय गृहमंत्र्यांना लिहावं लागलं की घरमालक आम्हाला घराबाहेर काढत आहेत. मुंबई-पुण्यातही रुग्णालयातून ड्युटी संपवून आलेल्या नर्सला सोसायटीच्या फाटकावर अडवल्याच्या बातम्या येतच होत्या. थाळी वाजवणारे आणि फाटक लावणारे वेगळे लोक होते, असं मानायला मन तयार होत नाही. मात्र इथे सरकार हललं, हे नोंदवलं पाहिजे. २२ एप्रिलला केंद्रानं अध्यादेश काढून १८९७ च्या साथरोग कायद्यात दुरुस्ती केली. आरोग्य कर्मचाऱ्यावर हल्ला केला, गंभीर दुखापत झाली, तर सात वर्षांपर्यंत कैद. चांगलं झालं. आता हा कायदा सलग वाचून पाहा. त्यात आदेश राबवणाऱ्या अधिकाऱ्याला संरक्षण पहिल्यापासून आहे. डॉक्टर-नर्सना २०२० पासून आहे. ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, त्या रुग्णाला मात्र संरक्षणाची एक ओळही नाही.

मार्चच्या अखेरीस दिल्लीच्या निजामुद्दीनमधल्या तबलिगी जमातच्या मरकजमध्ये जमलेल्यांना कोविड झाल्याची बातमी आली आणि रागाला धर्म मिळाला. भाजीवाल्याचं आधारकार्ड बघण्यापर्यंत मजल गेली. त्या दिवसांत रोजच्या सरकारी आकडेवारीत मरकजशी संबंधित रुग्णांचा आकडा वेगळा काढून सांगितला जात होता. साथीच्या अभ्यासासाठी तो आकडा हवा, मान्य. पण संध्याकाळच्या पत्रकार परिषदेत कशासाठी? २१ ऑगस्ट २०२० ला मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं अहमदनगर जिल्ह्यात या प्रकरणी परदेशी नागरिकांवर दाखल झालेले गुन्हे रद्द केले. आयव्हरी कोस्ट, घाना, टांझानिया, इंडोनेशिया अशा देशांतून आलेली ती माणसं होती. त्यांच्याविरुद्ध माध्यमांतून मोठा प्रचार झाला आणि त्यांना बळीचा बकरा करण्यात आलं, असं न्या. नलावडे यांनी निकालपत्रात लिहिलं. निकाल लागला तेव्हा मार्चमध्ये बोटं मोडणारे ग्रुप दुसऱ्याच विषयावर होते.  

मजुरांचं तर विचारूच नका. १४ एप्रिलला सकाळी टाळेबंदी ३ मेपर्यंत वाढल्याची घोषणा झाली आणि दुपारी वांद्रे स्थानकाबाहेर गावी जायला आतुर झालेल्या मजुरांची गर्दी उसळली. संध्याकाळपर्यंत मोबाइलवर दोनच प्रश्न होते: यांच्याकडे सामान का नाही, आणि शेजारी मशीद कशी? महिनाभर पगार नाही, दहा बाय दहाच्या खोलीत आठ-दहा जण, हे कुणी विचारायला तयार नव्हतं. ८ मे रोजी पहाटे औरंगाबाद जिल्ह्यात करमाडजवळ रुळांवर झोपलेल्या सोळा मजुरांवरून मालगाडी गेली. ते जालन्याहून भुसावळच्या दिशेनं चालत निघाले होते, तिथे गाडी मिळेल या आशेनं. रुळांवर विखुरलेल्या त्यांच्या भाकऱ्यांचा फोटो आपण पाहिलेला आहे. त्या फोटोखाली ‘रुळावर कोण झोपतं?’ असं लिहिणारी माणसं शिकलीसवरलेली, व्यवस्थित मराठीत लिहिणारी होती. हे वाक्य मी विसरू शकत नाही, कारण ते क्रूर आहे त्याहून जास्त सोयीचं आहे. ते लिहिलं की गाड्या का नव्हत्या, हा प्रश्न उरत नाही.

आता त्याच मे महिन्यातला एक कागद पाहा. मुंबई पोलिसांनी २३ मे २०२० ला कलम १४४ खाली आदेश काढला, २५ मे ते ८ जूनसाठी. त्यात खोटी माहिती पसरवण्याला बंदी होती, एखाद्या समाजाविषयी द्वेष पसरवण्याला बंदी होती, आणि ते योग्यच होतं. पण त्याच ओळीत साथ रोखणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यांविषयी आणि त्यांच्या कामाविषयी अविश्वास निर्माण करण्यालाही बंदी होती. जबाबदारी ग्रुपच्या ॲडमिनवर. म्हणजे सायन रुग्णालयाच्या वॉर्डात मृतदेहांशेजारी रुग्ण झोपल्याचा, साऱ्या मुंबईनं मे महिन्यात पाहिलेला व्हिडिओ पाहून कुणी ‘हे काय चाललंय?’ असं लिहिलं, तर तो अविश्वास धरायचा की नाही, हे ठाण्यातला अंमलदार ठरवणार. रुग्णाची यादी टाकणाऱ्या ॲडमिनसाठी असा स्पष्ट शब्दांतला मनाई आदेश मी शोधतोय. आपल्याला सापडला तर कळवावा.

२०२१ च्या एप्रिलमध्ये रागानं दिशा बदलली. आता शिव्या द्यायला शेजारी शिल्लक नव्हता. तो स्वतःच बेडच्या शोधात होता. २१ एप्रिलला नाशिकच्या झाकिर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागून बावीस रुग्ण त्या दिवशी गेले, दोन दिवसांनी विरारच्या रुग्णालयातल्या अतिदक्षता विभागाला आग लागली. त्याच समाजमाध्यमांवर, ज्यांना आपण वर्षभर नावं ठेवत होतो, रात्री दोन वाजता अनोळखी माणसं अनोळखी माणसांसाठी फोन लावत होती. कुठे व्हेंटिलेटर आहे, कुठला नंबर लागतो, कुठला लागत नाही. मुंबईत महापालिकेच्या वॉर्डनिहाय वॉर रूम होत्या आणि त्यांनी पुष्कळ निभावलं. जिथे तसं काही नव्हतं तिथे फोन लावणारी ही पोरंच वॉर रूम होती.

त्यांच्या धावपळीत एक दुःखाची गोष्ट होती. निम्मा जीव प्लाझ्मा आणि रेमडेसिविर शोधण्यात जात होता. प्लाझ्मानं मृत्यू टळत नाहीत, हे आयसीएमआरच्याच चाचणीतून २०२० मध्येच पुढे आलं होतं. जागतिक आरोग्य संघटनेनं नोव्हेंबर २०२० मध्येच रेमडेसिविर न वापरण्याची शिफारस केली होती. प्लाझ्मा अधिकृत उपचारांतून वगळला गेला तो १७ मे २०२१ ला, लाट ओसरू लागल्यावर. रांगेत उभ्या राहिलेल्या मुलाला ‘बाळा, हे मिळालं नाही म्हणून तुझा बाप जाणार नाही’ असं सांगणारा एक आवाज खात्याकडून आला असता, तर किती घरांतला अपराधभाव वाचला असता.

आणि या रागाला उत्तर काय मिळालं? केंद्रानं ट्विटरला काही डझन ट्वीट काढायला सांगितली. त्यात एका खासदाराचं होतं, पश्चिम बंगालच्या एका मंत्र्याचंही. उत्तर प्रदेशात आजोबांसाठी ऑक्सिजन मागणाऱ्या तरुणावर गुन्हा दाखल झाला. अखेर ३० एप्रिलला न्या. चंद्रचूड, न्या. नागेश्वर राव आणि न्या. रवींद्र भट यांच्या खंडपीठाला बजावावं लागलं की मदत मागणाऱ्या नागरिकाचा आवाज दाबला तर तो न्यायालयाचा अवमान मानू. वर्षभर रुग्णांच्या याद्या फिरत होत्या तेव्हा इतकी तत्परता दिसली नव्हती.

‘लोकांनी संयम बाळगावा’ या आवाहनावर माझा विश्वास नाही, हे एव्हाना आपल्या लक्षात आलं असेल. संयम उपदेशानं येत नाही, रचनेनं येतो. ७ एप्रिल २०२० ला व्हॉट्सॲपनं एवढंच केलं की पुष्कळदा फिरलेला निरोप एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल. असे निरोप सत्तर टक्क्यांनी घटल्याचं कंपनीनं काही आठवड्यांत जाहीर केलं. लोक तेच होते, भीती तीच होती. फक्त बोटाला थोडे जास्त श्रम पडू लागले.

तशीच एक रचना आपल्या हातात आहे. नवा कायदा करायला नको, विधिमंडळात बहुमताची गणितं नकोत. साथरोग कायद्याच्या कलम २ खाली नियम काढण्याचा अधिकार राज्याला आहेच; १४ मार्च २०२० ला राज्यानं तो वापरला होता. त्या नियमांत, आरोग्य खात्याच्या परवानगीशिवाय कोविडविषयी माहिती कुणी प्रसारित करू नये असं कलम होतं. माहिती कुणापासून वाचवायची याचा विचार झाला होता, कुणाची वाचवायची याचा राहून गेला. एचआयव्हीसाठी मात्र हा विचार देशानं करून ठेवलेला आहे. २०१७ च्या कायद्यानं रुग्णाच्या संमतीशिवाय त्याची स्थिती उघड करायला मनाई केली. ती तरतूद समोर ठेवून पुढच्या साथीच्या नियमांचा मसुदा आत्ताच तयार करून ठेवता येईल. रुग्णाचं नाव, पत्ता, फोन ज्याच्या हाती कामानिमित्त येतो, त्यानं तो बाहेर दिला तर खातेनिहाय चौकशी आणि शिक्षा, ग्रुपवर टाकणाऱ्याच्याही आधी त्याला. प्रत्येक यादीवर ती कुणाच्या लॉगिनवरून उतरवली त्याची खूण हवी; हे तंत्र बँका रोज वापरतात. हातावर, दारावर, पत्रकार परिषदेत ओळख पटेल असं काही नको. आणि बेड, औषध, ऑक्सिजन मागणाऱ्या किंवा मिळाला नाही म्हणून शिव्या देणाऱ्या माणसावर त्या कारणासाठी गुन्हा दाखल होणार नाही, हे वाक्य त्याच नियमांत, तितक्याच ठळक अक्षरात.

शेवटचं वाक्य आपल्याला जड जाईल, याची कल्पना आहे. साथीत मंत्र्यानं शिव्या खायच्या असतात. नाशिकच्या त्या रुग्णालयाबाहेर उभ्या असलेल्या माणसांनी दुसरं काय करायचं होतं? त्यांची ओरड ऐकून इतर ठिकाणच्या टाक्या तपासल्या जातात, व्हॉल्व्ह बदलले जातात. रुग्णाच्या दारावर ओरडून कुठलाही व्हॉल्व्ह बदलत नाही.

मसुदा सार्वजनिक आरोग्य विभागाच्या संकेतस्थळावर हरकती-सूचनांसाठी ठेवावा, ही विनंती. माझ्या सूचना लिहून तयार आहेत. मुदत जाहीर झाली की पाठवतो.

कळावे,
आपला विश्वासू,
पुण्याचा एक रहिवासी